तेल बदललं की महिनाभर बरं, मग पुन्हा तेच: जुन्या गाडीतला ऑइलचा दिवा आणि खरखरणारा दुसरा गिअर

तक्रार आधी सांगतो. इंजिन पुरतं तापलं आणि गाडी सिग्नलला आयडलिंगवर उभी राहिली की ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागायचा. ॲक्सिलरेटरवर पाय टेकवला की विझायचा. दुसरं दुखणं गिअरबॉक्सचं: पहिल्यावरून दुसरा टाकताना 'खर्रर', आणि तिसऱ्यावरून दुसऱ्यात उतरतानाही तेच. गाडी १९६० च्या दशकातली. चार सिलिंडर, पुशरॉडचं इंजिन, एक कार्बुरेटर, चार गिअर, ओढ मागच्या चाकांना. फार चाललेली नाही, पण उभी भरपूर राहिलेली.

या दोन्ही दुखण्यांवर मी तीन वर्षं एकच औषध करत होतो. तेल बदलायचं, आणि दर वेळी आधीपेक्षा थोडं जाड भरायचं. गंमत म्हणजे दर वेळी फरक पडायचा. महिनाभर दिवा गप्प, गिअरही जरा मऊ. मग हळूहळू सगळं मूळपदावर. शेवटी कळलं ते असं, की दिव्याचा दोष तेलाचा नव्हताच, आणि गिअरचा दोष मात्र पूर्णपणे तेलाचा होता. मी नेमका उलटा हिशेब धरून बसलो होतो.

दिवा: आधी प्रेशर म्हणजे काय ते

ऑइल पंप प्रेशर तयार करत नाही, तो फक्त तेल ढकलतो. एका फेऱ्याला ठरावीक माप. ते तेल क्रँक आणि कॅमच्या बेअरिंगमधल्या बारीक फटींतून बाहेर पडताना जो अडथळा होतो, तो आपल्याला गेजवर प्रेशर म्हणून दिसतो. म्हणजे प्रेशर पडायला तीनच कारणं उरतात: तेल पातळ झालंय, फटी रुंदावल्यात, किंवा पंप कमी तेल देतोय. आयडलिंगला पंप सर्वांत हळू फिरतो आणि तापल्यावर तेल सर्वांत पातळ असतं, म्हणून तक्रार नेहमी तापलेल्या आयडलिंगलाच तोंड वर काढते.

मी काय केलं? २०डब्ल्यू-५० होतं, ते काढून आणखी जाड २०डब्ल्यू-६० भरलं. पुढच्या खेपेला त्यात तेल घट्ट करणारी बाटली ओतली. ती बाटली म्हणजे काकवीच. सकाळी स्टार्टर मारला की इंजिन जांभई देत फिरायचं, आणि रॉकरपर्यंत तेल पोचेस्तोवर वरून टकटक ऐकू यायची. गेजवर मात्र थंड इंजिनला काटा छान उभा! तो उभा काटा पाहून मी खूश व्हायचो. जाड तेलात थंडीला प्रेशर वाढलं की रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि पंपाने उचललेलं बरंचसं तेल परत चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या टाकीत, सोडतो, म्हणजे बेअरिंगला उलट कमीच मिळतं, हे तेव्हा डोक्यात नव्हतं.

खरा पुरावा त्या 'महिनाभर' या शब्दात होता. बेअरिंग झिजली असती तर जाड तेलाचा फायदा जेवढा पहिल्या दिवशी तेवढाच तिसाव्या दिवशी राहायला हवा होता. फटी काही महिनाभरात रुंदावत नाहीत. ताजं तेल चांगलं आणि महिन्याने वाईट, याचा अर्थ इंजिनच्या आत काहीतरी तेलाला पातळ करतंय.

दुसरा पुरावा मी स्वतः लोकांना अभिमानाने सांगत फिरत होतो: "आमची गाडी थेंबभर तेल खात नाही." साठीला आलेलं इंजिन, रिंगा मूळच्या, आणि डिपस्टिकवरची पातळी महिनोन्महिने हलत नाही? थोडं तेल तर जळतच असणार. मग जेवढं जळतंय तेवढं कोण भरतंय?

पेट्रोल. डिपस्टिक काढून नाकाशी धरली आणि तीन वर्षांचा उलगडा एका श्वासात झाला.

खात्री करायची सोपी रीत आहे. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर किंवा टीपकागदावर डिपस्टिकवरचा एक थेंब सोडा आणि शेजारी नव्या तेलाचा एक. तासाभराने पाहा. पेट्रोल मिसळलेल्या थेंबाभोवती फिकट, पातळ वलय लांबवर पसरतं. नव्या तेलाचा डाग आटोपशीर राहतो. वास आणि वलय दोन्ही मिळाले की प्रयोगशाळेची गरज नाही. तेलात पाच टक्क्यांच्या आसपास पेट्रोल गेलं तरी ५० ग्रेडचं तेल ४० सारखं वागायला लागतं, आणि मग दिवा लुकलुकणारच.

पेट्रोल तेलात येण्याच्या वाटा मोजक्याच. कॅमवर चालणारा मेकॅनिकल फ्युएल पंप, त्याचा डायफ्रॅम फाटला की पेट्रोल सरळ क्रँककेसमध्ये. चोक अर्धवट अडकलेला असला की मिश्रण कायम श्रीमंत, आणि न जळलेलं पेट्रोल सिलिंडरची भिंत धूत खाली. कार्बुरेटरची नीडल व्हॉल्व्ह गळत असेल तर तीच गोष्ट, कधी तर गाडी उभी असतानाही. आणि एखादा प्लग मारत नसेल तर त्या सिलिंडरचं पेट्रोल जाणार कुठे? माझ्याकडे पहिलं कारण निघालं. पंप खोलला तर डायफ्रॅमला केसासारख्या भेगा. जुनं रबर इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला टिकत नाही, कधी फुगतं तर कधी कडक होऊन तडकतं. किट घेताना इथेनॉल सोसणाऱ्या रबराचं आहे ना, हे विचारून घ्या.

एक सूचना गंभीरपणे घ्या. तेलाला पेट्रोलचा वास आला की गाडी 'घरापर्यंत' सुद्धा नेऊ नका. पातळ झालेलं तेल बेअरिंगची वाट लावतंच, शिवाय चेंबरमधल्या वाफा पेट घेऊ शकतात. तेल थंड झाल्यावर, उघड्यावर, आजूबाजूला ठिणगी नसताना काढा.

डायफ्रॅम बदलला, चेंबर रिकामं केलं, फिल्टर नवा, तेल पुन्हा साधं २०डब्ल्यू-५०. मेकॅनिकल गेज लावून मोजलं: आधी तापलेल्या आयडलिंगला ८ पीएसआय (हे दाबाचं माप) होतं, आता १७. हजार आरपीएमला १० पीएसआय हा जुन्या इंजिनांचा ढोबळ आडाखा, त्यात ते आरामात बसलं. त्यानंतर आठ महिने झाले, दिवा गप्प आहे. गाडी आता दर हजार किलोमीटरला थोडं तेल खाते. मला ते बघून बरं वाटतं.

तुमच्या तेलाला वास नसेल तर? मग स्वस्तातून महागात जायचं. आधी आयडलिंगचे आरपीएम मोजा, कित्येकदा कोणीतरी पेट्रोल वाचवायला स्क्रू इतका खाली आणलेला असतो की पंप बिचारा फिरतच नाही. मग दिव्याचा स्विच. तो साधारण ५ ते १० पीएसआयच्या दरम्यान पेटतो आणि म्हातारा झाला की मनमानी करतो. त्याच्या जागी मेकॅनिकल गेज लावून पाहिल्याशिवाय इंजिन खोलायची भाषा करू नका. मग रिलीफ व्हॉल्व्ह काढून पाहा, त्याच्या बैठकीत कचऱ्याचा एक कण अडकला तरी तो पूर्ण बसत नाही. यातून काही निघालं नाही, तरच पंप आणि बेअरिंग.

मग इंजिनात कोणतं तेल?

जुन्या मॅन्युअलात बहुधा नुसतं 'एसएई ३०' किंवा 'एसएई ४०' लिहिलेलं असतं, कधी थंडीला वेगळं आणि उन्हाळ्याला वेगळं. ही मोनोग्रेडची भाषा. मल्टिग्रेडमध्ये 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंडीतली वागणूक सांगतो, नंतरचा १०० अंशांवरची जाडी. आकड्यांमागे जाडीची मापं आहेत: १०० अंश सेल्सियसला ३० ग्रेड म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, ४० म्हणजे १२.५ ते १६.३, आणि ५० म्हणजे १६.३ ते २१.९. म्हणून मॅन्युअल ३० सांगत असेल आणि इंजिन धडधाकट असेल, तर ५० भरण्यात काही पराक्रम नाही. १०डब्ल्यू-३० किंवा १०डब्ल्यू-४० मूळ सांगण्याच्या जास्त जवळ आहे. १९६० च्या दशकातल्या पुष्कळ ब्रिटिश गाड्यांना मात्र २०डब्ल्यू-५० मानवतं, आणि त्यातही मिनीसारख्या गाडीत, जिथे इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच तेलात पोहतात. गिअरचे दात मल्टिग्रेडमधले लांब पॉलिमर रेणू चिरडतात, तेल ठरलेल्या वेळेआधीच पातळ होतं. तिथे तेल लवकर बदलायचं, जाड भरायचं नाही.

०डब्ल्यू-२० आणि तसली पाणीदार तेलं सोडून द्या. ती ज्या फटींसाठी बनली आहेत त्या फटी तुमच्या इंजिनात कधी नव्हत्याच.

आता जस्ताचा प्रश्न, ज्यावर माणसं रात्रभर भांडतात. जुन्या इंजिनात कॅमचा उंचवटा सपाट टॅपेटवर, म्हणजे व्हॉल्व्हला ढकलणाऱ्या तुकड्यावर, घासत जातो, रोलर नसतो. एवढ्याशा जागेवर व्हॉल्व्ह स्प्रिंगचा सगळा भार येतो. तिथे तेलाची फिल्म टिकत नाही, म्हणून झेडडीडीपी लागतं. जस्त आणि फॉस्फरस असलेलं हे रसायन उष्णता आणि दाब मिळाला की धातूवर काचेसारखा पातळ थर धरतं. तो थर घासला जातो आणि लोखंड वाचतं. पण फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला विष. म्हणून तेलाच्या मानकांत तो कमी होत गेला: एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) या संस्थेच्या २००४ च्या एसएम मानकापासून १०डब्ल्यू-३० आणि ५डब्ल्यू-३० सारख्या ग्रेडना ०.०८ टक्क्यांची कमाल मर्यादा आली, आणि पुढच्या एसएन, एसपीमध्येही ती राहिली.

इथे बहुतेकांचं वाचन अर्धवट राहतं. ती मर्यादा पातळ, इंधन वाचवणाऱ्या ग्रेडसाठी आहे. २०डब्ल्यू-५० किंवा १५डब्ल्यू-४० वर ती लागू नाही. त्यामुळे डब्यावर 'एसएन' दिसलं म्हणून लगेच नाक मुरडू नका. त्या तेलाचं डेटाशीट काढा आणि फॉस्फरसचा आकडा शोधा. सपाट टॅपेटला ०.१० ते ०.१२ टक्के असलं की पुरे. डिझेल इंजिनाचं तेल वापरायची जुनी युक्ती याच कारणासाठी होती, पण २००६ च्या सीजे-४ या डिझेल तेलाच्या मानकापासून तिथेही ०.१२ टक्क्यांवर छप्पर आलं. तरीही पेट्रोल इंजिनाच्या पातळ तेलापेक्षा ते जास्तच. आणि 'थोडं चांगलं तर जास्त आणखी चांगलं' या न्यायाने वरून जस्ताची बाटली ओतू नका. प्रमाण फार वाढलं की तेच रसायन लोखंडाला खायला उठतं. माझं मत विचाराल तर नवा कॅम बसवून इंजिन रन-इन करताना जस्ताची काळजी सर्वांत जास्त घ्यावी. पहिल्या वीस मिनिटांत कॅम आणि टॅपेट एकमेकांशी जुळतात किंवा कायमचे बिघडतात. चाळीस वर्षं जुळून बसलेल्या कॅमला एवढी घबराट नको.

मॅन्युअलात 'एमएस' किंवा 'एमएम' दिसलं तर गोंधळू नका. १९५० आणि ६० च्या दशकांतली ही एपीआयची वर्गवारी. १९७० च्या सुमारास तिच्या जागी एसए, एसबी, एससी अशी अक्षरं आली. 'एमएस' म्हणजे त्या काळातलं कडक कामाचं तेल, आजचं कोणतंही चांगलं तेल त्याच्या पुढे आहे. एसए मात्र टाळा. ते साध्या तेलाचं नाव आहे, त्यात झीजरोधक काहीच नसतं.

डिटर्जंटची भीती कुठून येते तेही सांगतो. फिल्टर नसलेल्या, साध्या तेलावर दशकं काढलेल्या इंजिनात काजळी तळाशी चिखल होऊन बसलेली असते. त्यात अचानक डिटर्जंटवालं तेल गेलं की चिखल सुटतो आणि तेलाच्या वाटा तुंबवतो. इंजिन एकदा उघडून साफ झालं असेल तर हा प्रश्न संपला, खुशाल आधुनिक तेल भरा. झालं नसेल तर निदान चेंबर उतरवून हाताने पुसा, पंपाची जाळी धुवा, आणि पहिले दोन बदल लवकर करा.

सिंथेटिकमुळे गळती होते हे अर्धसत्य. सुरुवातीची सिंथेटिक तेलं सील आक्रसायची, आजच्या तेलांत त्यावर उपाय केलेला असतो. पण मागच्या बाजूला दोरीचं सील असेल, पॅकिंगं कॉर्कची असतील, आणि त्यांच्या भेगा जुन्या चिकट थराने बुजल्या असतील, तर स्वच्छ तेल तो थर विरघळवेल आणि भेग दिसायला लागेल. भेग तेलाने पाडलेली नसते. तरीही मी खनिज तेलच वापरतो, कारण गाडी वर्षाला फार चालत नाही आणि मी तसंही दरवर्षी तेल फेकतो.

गिअरबॉक्स: जिथे चूक खरंच तेलाची होती

गाडी माझ्याकडे आली तेव्हाच दुसरा गिअर किंचित कुरकुरायचा. मिस्त्रीने 'नव्वद नंबर' भरलं. डब्यावर लिहिलं होतं ८०डब्ल्यू-९०, जीएल-५. मॅन्युअलात मात्र गिअरबॉक्सला चक्क इंजिन ऑइल सांगितलं होतं, एसएई ३०. आम्ही दोघं हसलो. गिअरबॉक्सला इंजिनचं तेल, छापणाऱ्याने ओळ चुकवली असणार! ओळ चुकली नव्हती. मॉरिस मायनरपासून एमजीबीपर्यंत कितीतरी गाड्यांच्या गिअरबॉक्सला इंजिन ऑइलच लागतं.

पहिला गैरसमज आकड्याचा. गिअर ऑइलचा ९० आणि इंजिन ऑइलचा ५० एकाच पट्टीवर मोजलेले नाहीत. १०० अंशांवर ९० नंबरचं गिअर ऑइल १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक असतं, म्हणजे इंजिनच्या ४० ते ५० ग्रेडएवढंच. ८० नंबर तर ७ ते ११, म्हणजे जेमतेम ३० च्या आसपास. तेव्हा जाडीत फारसा घोटाळा नव्हताच. घोटाळा डब्यावरच्या 'जीएल-५' या अक्षरांत, म्हणजे तेलातल्या रसायनांच्या वर्गात, होता.

सिंक्रो म्हणजे गिअर अडकण्याआधी दोन भागांचा वेग जुळवणारी यंत्रणा. तो कसा चालतो ते पाहा. पितळी रिंग गिअरच्या तिरक्या शंकूवर दाबली जाते. रिंगेच्या आतल्या बारीक खाचा शंकूवरची तेलाची फिल्म कापतात, पितळ पोलादाला पकडतं, आणि त्या घर्षणाने दोघांचा वेग एक होतो. मग दात गुपचूप आत सरकतात. म्हणजे गिअरबॉक्समध्ये एक जागा अशी आहे जिथे तेलाने घसरायला मदत न करता थोडं अडायला हवं. जीएल-५ मधली गंधक-फॉस्फरसची मात्रा जीएल-४ च्या जवळजवळ दुप्पट असते. हे तेल बनलं आहे डिफरन्शियलमधल्या हायपॉइड क्राउन-पिनियनसाठी, जिथे दातावर दात जबर दाबाखाली घसरतो. तिथे ते देवासारखं. सिंक्रोत मात्र रिंग शंकूवर घसरत राहते, वेग जुळत नाही, आणि 'खर्रर'.

वर दुसरं नुकसान. तापल्यावर ही रसायनं धातूशी संयोग करून थर धरतात, तो थर घासून जातो, पुन्हा बनतो. पोलादाला ते परवडतं. पितळ मऊ, त्यावरचा थर निघताना पितळाचा अंश घेऊन निघतो. मी जीएल-५ काढलं तेव्हा ट्रेमध्ये उन्हात सोनेरी झाक दिसत होती. दिसायला सुंदर, पण ती माझ्या सिंक्रो रिंगांची पूड होती. पितळाला न खाणारी जीएल-५ तेलंही मिळतात. ओळखायचं असेल तर डेटाशीटवर तांब्याच्या पट्टीच्या चाचणीचा निकाल पाहा, एएसटीएम डी१३० नावाने असतो. १ म्हणजे किंचित झाक, ४ म्हणजे गंज. पण रसायन सौम्य असलं तरी निसरडेपणा राहतोच.

तुमचा गिअर खरखरत असेल तर तेलाला दोष देण्याआधी क्लच तपासा. यात मी स्वतः वर्ष घालवलं नाही एवढंच, बाकी चुका सगळ्या केल्या. इंजिन आयडलिंगवर ठेवा, क्लच पूर्ण दाबा, पाच सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. जुन्या गाड्यांत रिव्हर्सला बहुधा सिंक्रो नसतो, त्यामुळे तो खोटं बोलत नाही. पाच सेकंदांनंतरही खरखरला तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. हायड्रॉलिक असेल तर लाइनमधली हवा आणि स्लेव्ह सिलिंडर पाहा, वायर असेल तर ताण. अशा वेळी जगातलं कुठलंही तेल भरा, काही होणार नाही.

रिव्हर्स गुपचूप गेला तर खरखर कधी होते ते लक्षात घ्या. फक्त सकाळी पहिले काही किलोमीटर आणि मग बंद, तर तेल जाड आहे, थंडीत रिंगेला फिल्म कापता येत नाही. थंड असो वा गरम, सगळ्याच गिअरना होते, तर तेल निसरडं. फक्त एकाच गिअरला आणि तापल्यावर जास्त, तर त्या गिअरची रिंग संपली आहे. माझ्याकडे दुसरं आणि तिसरं कारण एकत्र होतं, म्हणून उत्तरही दोन हप्त्यांत आलं. जीएल-५ काढून मॅन्युअलप्रमाणे इंजिन ऑइल भरल्यावर तिसरा आणि चौथा लोण्यासारखे झाले. दुसरा सुधारला, पण तापल्यावर खरखरायचाच. शेवटी गिअरबॉक्स उतरवावा लागला. दुसऱ्याच्या रिंगेच्या खाचा अशा गुळगुळीत झाल्या होत्या की नखाला लागत नव्हत्या.

ज्या गाडीच्या मॅन्युअलात 'ईपी ८०' किंवा 'ईपी ९०' (ईपी म्हणजे जबर दाब सोसणारं) लिहिलंय तिला गिअरबॉक्ससाठी जीएल-४ द्या. 'जीएल-४/जीएल-५' असं दोन्ही छापलेला डबा दिसला तर मी तो परत फळीवर ठेवतो.

डिफरन्शियलचं थोडक्यात. हायपॉइड असेल तर ईपी तेलच हवं, जीएल-५ चालतं, इंजिन ऑइल भरलंत तर क्राउन-पिनियन गेलं समजा. अपवाद वर्म ड्राइव्हचा. पेजो ४०४ सारख्या गाडीत वर्मचं चाक कांस्याचं असतं, तिथे तीव्र ईपी तेल पुन्हा तोच उद्योग करेल. मॅन्युअलात जे नाव आहे त्याचा आजचा पर्याय शोधूनच भरा.

ऑटोमॅटिक असेल तर

माझी गाडी हाताने गिअर टाकायची, पण चुकीचं तेल आणि गुपचूप कमी होणारं तेल ही दोन दुखणी मी जवळून पाहिली आहेत.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलांत जनरल मोटर्सचं टाइप ए १९४९ चं, टाइप ए सफिक्स ए १९५७ चं, आणि १९६० च्या दशकाच्या शेवटी डेक्सरॉन. त्या काळच्या तेलांत घर्षण जुळवायला स्पर्म व्हेलचं तेल असायचं, १९७० च्या दशकात अमेरिकेत त्यावर बंदी आली आणि सूत्रं बदलावी लागली. आज टाइप ए मागणाऱ्या गाडीत डेक्सरॉन-३ च्या जातीचं तेल चालतं. २००५ चं डेक्सरॉन-६ त्याहून पातळ आहे, जुन्या सीलना मी ते देणार नाही.

फोर्डचं टाइप एफ मात्र वेगळ्या स्वभावाचं. त्यात घर्षण कमी करणारं रसायन नसतं, क्लचच्या चकत्या पटकन पकडतात. बोर्ग-वॉर्नर ३५ हा ऑटोमॅटिक अनेक ब्रिटिश गाड्यांत असे, त्यालाही हेच लागायचं. त्यात डेक्सरॉन गेलं तर गिअर लांबत जातो, चकत्या घसरून जळतात. उलट केलं, डेक्सरॉनच्या गाडीत टाइप एफ, तर प्रत्येक गिअरला गचका. दोन्ही लालच असतात, रंगावरून काही कळत नाही. आधी काय भरलंय ते ठाऊक नसेल तर टॉर्क कन्व्हर्टरसकट पूर्ण काढून भरावं. नुसतं पॅन उतरवलं तर अर्ध्याहून अधिक जुनं आतच राहतं.

आणि जमिनीवर डाग नाही, तरी गिअरबॉक्सचं तेल दर महिन्याला कमी, एक्झॉस्टला पांढुरका निळा धूर? इंजिन खोलू नका. गिअरबॉक्सला व्हॅक्यूम मॉड्युलेटर (इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालणारा, आत डायफ्रॅम असलेला भाग) असेल तर त्याची रबरी नळी काढा आणि आत बोट घाला. ओली, लाल निघाली तर डायफ्रॅम फाटलाय आणि इंजिन गिअरबॉक्सचं तेल पीत बसलंय. पातळी पाहताना तेल तापलेलं आणि इंजिन चालू हवं. लिव्हर पार्कवर ठेवायचा की न्यूट्रलवर ते गाडीगणिक बदलतं, मॅन्युअलात पाहा.

शेवटचं एक, गिअरबॉक्सच्या खाली झोपण्याआधी. वरचा फिलर प्लग आधी उघडून पाहा, मगच खालचा ड्रेन प्लग सोडा. मी उलटं केलं होतं. तेल सगळं ट्रेमध्ये आलं आणि मग कळलं की फिलर प्लगचे कोपरे कोणीतरी कधीच गोल करून ठेवलेत. तो निघेपर्यंत गाडी दोन दिवस जॅकस्टँडवर, पोट रिकामं ठेवून उभी होती.